पैलू पाडताना खडा कशाने चिकटवावा? लाख, सुपरग्लू आणि इपॉक्सी

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यात माझे फॅसेटिंगचे, म्हणजे पैलू पाडण्याचे, लहानसे मेज आहे आणि आजचा व्हिडिओ मी तिथूनच करीत आहे. माझ्या हातातील या पितळी डॉपच्या, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या दांडीच्या, टोकावर ८ मिलिमीटर रुंदीचा ॲमेथिस्ट चिकटवलेला आहे. मशीनवर कोन कितीही अचूक लावला, तरी हा खडा डॉपवर किंचित सरकला की पुढचा प्रत्येक पैलू चुकीच्या जागी पडतो. ॲमेथिस्ट हा क्वार्ट्झच असून त्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून कमी कोनात पडलेला प्रकाश आतून परत न फिरता बाहेर निघून जातो तो कोन, सुमारे ४०.४ अंश आहे, म्हणून त्याच्या पॅव्हिलियनचे, म्हणजे खालच्या बाजूचे, मुख्य पैलू आपण बहुधा ४२ अंशांवर पाडतो. काम निम्मे झाल्यावर खडा २ अंशांनी कलला, तर एका बाजूचे पैलू ४० अंशांवर येतात, तिथे प्रकाश आतून परत फिरण्याऐवजी खालून निघून जातो आणि वरून पाहणाऱ्याला त्या जागी रंग फिका पडलेली खिडकी दिसते.

सर्वांत घट्ट काय धरते, असे मला नेहमी विचारले जाते. माझ्या मते त्याआधी, काम संपल्यावर हा खडा डॉपवरून सुटणार कसा, हे विचारायला हवे. तो सुटतो उष्णतेने किंवा द्रावकाने, आणि जे वापरायचे ते त्या खड्याला सोसले पाहिजे.

लाखेपासून सुरुवात करू. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून ती मिळते. सोन्याच्या पोकळ मण्यांत सोनार भरतात तीच ही लाख, फक्त डॉपसाठी तिच्यात इतर पदार्थ मिसळून कांड्या केलेल्या असतात. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला ती मऊ होते, मऊ असेपर्यंत खडा हवा तसा फिरवून मध्यावर आणता येतो, आणि उरलेला अंश स्पिरिटने निघतो. तिची खरी अट अशी की डॉपबरोबर खडाही पुरेसा तापला पाहिजे. एकदा घाईत मी केवळ डॉप तापवून गरम लाखेवर गार खडा टेकवला. सांधा दिसायला भक्कम होता, पण ६०० नंबरच्या लॅपवर, म्हणजे घासणाऱ्या फिरत्या चकतीवर, टेकताच खडा उडाला आणि त्याची कड तुटली. त्या दिवसापासून मी खडा स्पिरिटच्या दिव्याच्या वर, ज्योतीपासून दूर, हळूहळू तापवतो. क्वार्ट्झ, गार्नेट, नीलम यांना एवढी ऊब सहसा बाधत नाही, मात्र आत भेगा असतील तर त्यांच्याही बाबतीत जपावे लागते. फ्लुओराइट, ॲपेटाइट, टांझानाइट आणि ज्याच्या अंगातच पाणी असते असा ओपल यांना लाख लावण्याच्या फंदात मी पडत नाही. लाखेचा आणखी एक दोष म्हणजे कोरड्या घासणीने खडा तापला की ती न तुटता हळूहळू सरकते, आणि हे सरकणे लक्षात येईपर्यंत बरेच पैलू पाडून झालेले असतात.

सुपरग्लू, म्हणजे सायनोॲक्रिलेट, १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या हाती लागले आणि १९५८ पासून ते बाजारात विकले जाऊ लागले. ते हवेतील आणि पृष्ठभागावरील ओलाव्याने घट्ट होते. त्यामुळे ठाण्याच्या जुलैतल्या हवेत ते लवकर धरते, त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि उघडलेली बाटली लवकर खराब होते. मी ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. त्याचा थर कागदाइतका पातळ हवा, म्हणून सपाट खडा आणि सपाट डॉप या जोडीलाच ते शोभते. ठोका त्याला सोसत नाही आणि फार वेळ पाण्यात राहिले तर ते कमजोर होते. ॲसिटोनमध्ये मात्र ते सुटते, आणि उष्णता न सोसणाऱ्या खड्यांसाठी हा मोठा आधार आहे. तेल भरलेल्या पाचूला ॲसिटोन लावू नये, कारण भेगांतील तेलच निघून जाते.

इपॉक्सीत राळ आणि हार्डनर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात; प्रमाण चुकले तर सांधा रबरासारखा राहतो. डॉप आणि खडा यांच्यातील पोकळी ती उत्तम भरून काढते, म्हणून शंकूच्या आकाराच्या डॉपमध्ये पॅव्हिलियन बसवायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. पाच मिनिटांची इपॉक्सीसुद्धा मी काही तास ठेवतो, आणि रात्रभर थांबणारी असेल तर रात्रभरच. ती सोडवणे मात्र कष्टाचे असते: जास्त उष्णता द्यावी लागते किंवा ॲसिटोनमध्ये बराच काळ भिजत ठेवावे लागते. डायक्लोरोमिथेन असलेली औषधे हे काम झटपट करतात, पण त्यांची वाफ इतकी घातक आहे की मी ती घरात येऊ देत नाही.

या तिघांची खरी परीक्षा होते ती पॅव्हिलियन झाल्यावर वरची बाजू पाडण्यासाठी खडा एका डॉपवरून दुसऱ्यावर नेताना. त्या वेळी दोन्ही बाजूंना डॉप असतात, आणि त्यांतला जुनाच तेवढा सुटायला हवा. दोन्हीकडे एकच गोंद असेल, तर कोणता आधी सुटेल याचा भरवसा नसतो. आणि चुकून नवा सांधा अर्धा अंश जरी हलला, तरी ८ मिलिमीटरच्या खड्याच्या दोन कडांत सुमारे ०.०७ मिलिमीटरचा फरक पडून गर्डल, म्हणजे खड्याच्या मधली कड, एका बाजूला जाड व दुसरीकडे बारीक होतो. म्हणून पहिल्या डॉपवर मी लाख किंवा सुपरग्लू वापरतो आणि दुसऱ्यावर इपॉक्सी. लाख असेल तर जुन्या डॉपच्या धातूलाच, खड्यापासून दूर, ज्योत दाखवतो. सुपरग्लू असेल तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फक्त त्या सांध्याभोवती गुंडाळतो, खिडकी उघडी ठेवतो आणि त्या खोलीत दिवा पेटवत नाही. तापवलेला डॉप सुटल्यावर दुसऱ्या डॉपवरचा खडा तसाच हवेत गार होऊ द्यावा. त्याला लगेच ओले फडके लावू नये, कारण इतक्या मेहनतीने पाडलेल्या पॅव्हिलियनला नेमक्या त्याच क्षणी तडा जाऊ शकतो.