गंगेवर भाजी घेताना

मुलांनो, इंग्रजीच्या वहीत ‘फिगर्स ऑफ स्पीच’चं, म्हणजे अलंकारांचं, एक पान तुम्ही सगळ्यांनीच चिकटवलेलं असतं. डावीकडे नाव, उजवीकडे व्याख्या आणि खाली लाल शाईत गुरुकिल्ली: ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली. घात होतो तो या गुरुकिल्लीनेच. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ यात ‘लाइक’ आहे, पण सिमिली नाही. मुलगी आईसारखी दिसते, ही नुसती माहिती झाली. सिमिलीला वेगळ्या जातीच्या दोन गोष्टी लागतात. ‘ही फॉट लाइक अ लायन’ म्हटलं की माणूस आणि सिंह शेजारी येतात, तेही शौर्यापुरते. शेपूट कुणी शोधत नाही. ही आपली उपमा. ‘लाइक’ गाळून ‘ही वॉज अ लायन इन बॅटल’ म्हणा, मेटाफर झाली, म्हणजे रूपक. आपल्याकडे ‘जणू’वाली उत्प्रेक्षा वेगळी मोजतात, इंग्रजीत ‘अ‍ॅज इफ’ बहुतेक वेळा सिमिलीतच धरतात. तेव्हा मराठीचा तक्ता जसाच्या तसा इंग्रजीवर डकवू नका.

अ‍ॅलिटरेशनमध्ये, म्हणजे अनुप्रासात, आपली मुलं हमखास अडकतात, कारण मराठीत अक्षर आणि उच्चार सहसा बरोबर चालतात. इंग्रजीत ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने सुरू होतात, पण तो अनुप्रास नव्हे. उलट ‘फोन’ ‘पी’ने आणि ‘फिश’ ‘एफ’ने सुरू होऊनही जुळतात. यमकाचंही तेच: ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ कागदावर जुळतात, कानाला नाही. त्याला ‘आय राइम’ म्हणतात. ओळ मोठ्याने वाचा, मग ठरवा. पर्सॉनिफिकेशन, म्हणजे चेतनगुणोक्ती, सोपी आहे. एवढंच सांभाळा, की मराठीत भिंतसुद्धा ‘ती’ असते, म्हणून ती माणूस होत नाही. भिंत कान देऊन ऐकायला लागली, की झाली.

आता मला आवडणारी गोष्ट. मेटॉनिमी, म्हणजे एका गोष्टीसाठी तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीचं नाव घेणं, म्हटलं की पोरं घाबरतात. अरे, नाशिककरांना कसली भीती! बुधवारी आई सांगते, ‘गंगेवर जाऊन भाजी घेऊन ये.’ गोदावरीला आपण गंगा म्हणतो, हे असू द्या. पण भाजीवाली मावशी पाण्यावर बसलेली असते का? ती बसते काठावर. आपण नदी म्हणतो आणि काठ समजतो. गंमत अशी, की संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायचा त्याच्याशी जोडलेला अर्थ, समजावताना हेच उदाहरण घेतलंय: ‘गङ्गायां घोषः’, गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहात वस्ती होत नाही, म्हणून अर्थ काठाकडे सरकतो. शिवाय काठ न म्हणता गंगा म्हटल्यामुळे तिथला गारवा आणि पावित्र्य सुचतं, ते वेगळंच. इंग्रजी बातम्यांत ‘द व्हाइट हाउस सेड’ असतं, तिथे इमारत बोलत नाही, अमेरिकेच्या अध्यक्षांचं कार्यालय बोलतं. दोन्हीकडे जवळच्या वस्तूचं नाव घेऊन काम भागवलंय.

आणि ‘घरात खाणारी तोंडं सहा’ म्हणतो तेव्हा? तोंड सांगून अख्खा माणूस मोजला. जहाजावर ‘ऑल हँड्स ऑन डेक’ म्हणतात, तेव्हा हात म्हणजे खलाशी. भागावरून पूर्ण, ती सिनेकडकी. पेपरात आधी लिहा, कशाच्या जागी काय आलंय, नाव त्यानंतर. सिनेकडकीचं स्पेलिंग मात्र पाठच करावं लागेल, त्याला माझ्याकडे औषध नाही.