पैसा वर्षातून दोनदा, खर्च रोज

श्रोते हो, नमस्कार.

आत्ता माझ्यासमोर टेबलावर हिशेबाची एक पट्टी आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातल्यावर आडतीवरून मिळते ती. औसा तालुक्यातल्या माझ्या माहेरगावी भावकीतली एक सून आहे, तिच्या घरची. बारा कट्टे, वजन सात क्विंटल वीस किलो, भाव क्विंटलला 4,300. तीस हजार नऊशे साठ रुपये झाले, त्यातून हमाली आणि तोलाई गेली. त्याच संध्याकाळी कृषी केंद्राची खरिपाची उधारी भागली, किराण्याची बाकी फिटली, आणि येताना तिनं तेलाचा एक डबा आणला. डब्यावर सोयाबीनच्या शेंगांचं चित्र. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आत्याबाई, आपलं सोयाबीन घेताना स्वस्त अन् त्याचंच तेल आपल्याला देताना महाग. हे कसं काय?"

तीस वर्षं मी बँकेत नोकरी केली. इतका नेमका प्रश्न मला तिथं कुणी विचारला नव्हता. आज मी तिलाच उत्तर देते आहे, तुम्ही सोबत ऐका.

सोयाबीनच्या दाण्यात शंभरात अठराच्या आसपास तेल असतं. बाकी बहुतेक सगळी पेंड. म्हणून कारखानदार सोयाबीनला भाव देताना तेलापेक्षा पेंडीचा हिशेब जास्त करतो. ही पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात, आणि परदेशात. परदेशात आपल्या पेंडीला ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेच्या स्वस्त पेंडीशी झुंजावं लागतं. आणि देशात काय झालं? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण वाढत वाढत 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं. पूर्वी हे इथेनॉल मुख्यतः उसापासून यायचं, आता मका आणि तांदूळही मोठ्या प्रमाणावर वापरतात. इथेनॉल काढल्यावर धान्याचा जो चोथा उरतो, त्यातही प्रथिनं असतात, आणि तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. कोंबडीखाद्यवाल्यांनी तो घेतला. पेंडीची मागणी ढिली पडली आणि तिच्या मागं आपला दाणा घसरला. औशाच्या शिवारातली रास आणि पेट्रोल पंपावरची नळी यांचा असा संबंध आहे.

आता तेल. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं काही आठवडे पामतेलाची निर्यातच थांबवली, आणि आमच्याकडे भज्याचा घाणा काढताना बायका हात आखडता घेऊ लागल्या. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. सोयाबीनला भाव मिळावा हा हेतू होता, आणि हेतू चांगला होता. तेलाचा डबा दिवाळीच्या तोंडावर लगेच महागला. सोयाबीन मात्र हमीभावाच्या खालीच राहिलं, कारण अडलं होतं पेंडीपाशी. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क पुन्हा कमी केलं. तर सूनबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे: तुझा दाणा पेंडीच्या भावानं विकला जातो आणि तुझा डबा जगातल्या तेलाच्या भावानं येतो. दोन्ही भाव ठरतात तेव्हा तू तिथं नसतेस.

2025 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता. पट्टीवर 4,300 दिसतात. ही हजाराची दरी कुठून आली तेही सांगते. सप्टेंबर 2025 मध्ये मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी, सगळ्याच नद्या पात्र सोडून वाहिल्या. काढणीला आलेल्या शेंगेत कोंब फुटले, दाणा डागी झाला, काही ठिकाणी तर जमिनीचा वरचा थरच गेला. ऑक्टोबरात राज्य सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण हमीभावाच्या केंद्रावर माल न्यायचा तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, आधी नोंदणी लागते, मग मेसेजची वाट बघावी लागते. ज्याच्या दारात उधारीवाला उभा आहे तो वाट बघू शकत नाही. तो मोंढ्यात जातो, आणि मोंढा ओला माल ओल्याच्या भावानं घेतो.

नोव्हेंबरात एक बातमी तुम्हीही ऐकली असेल. ऑक्टोबर 2025 चा महागाईचा दर पाव टक्का, म्हणजे 0.25. 2012 हे पायाभूत वर्ष धरून जी मालिका तेव्हा चालायची, तिच्यातला सगळ्यात कमी. खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव एकूण धरून वर्षभरापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी उतरलेले. शहरातल्या माणसाला ही बातमी गोड लागली असेल, आणि त्यात काही चूक नाही. पण ही मोजणी सगळी घेणाऱ्याच्या बाजूनं होते. आमच्या घरी तेच धान्य विकायला काढलेलं असतं. तुरीचंच बघा. उदगीर, लातूरच्या डाळ मिलमध्ये आमची नवी तूर जाते. 2025-26 ला 8,000 रुपये हमीभाव होता, आणि बाहेरची तूर मार्च 2026 पर्यंत शुल्काशिवाय देशात येऊ दिली होती, म्यानमारमधून, मोझांबिकमधून. डाळ स्वस्त झाली की महागाईचा आकडा खाली येतो, आणि त्याच आकड्याच्या खाली आमच्या तुरीचं पोतं दबतं. मी काही डाळ महाग व्हावी असं म्हणत नाही. मजुरी करून खाणाऱ्याच्या ताटात वरण स्वस्तच असलं पाहिजे. मला एवढंच खुपतं की या आकड्यात विकणाऱ्याचं घर कुठंच मोजलं जात नाही. आणि गंमत नाही, खरंच सांगते, त्याच महिन्यात भाज्या-डाळी उतरलेल्या असताना तेलाचे भाव मात्र चढलेलेच होते.

आता मला ज्या गोष्टीबद्दल मनापासून बोलायचंय ती सांगते. आमच्या भागातल्या घराची अडचण पैसा कमी असणं ही तर आहेच, पण पैसा कधी येतो ही त्याहून मोठी. सोयाबीनचा दसरा-दिवाळीत, तूर-हरभऱ्याचा संक्रांतीनंतर ते होळीपर्यंत. उसाचं बिल आलं तर आलं. खर्च रोजचा. आणि सगळ्यात मोठा खर्च नेमका त्या वेळी, जेव्हा घरात काहीच नसतं: जूनमध्ये. बी-भरण जूनमध्ये, डीएपी खताची 1,350 ची पिशवी जूनमध्ये, लेकरांच्या वह्या-पुस्तकं, कॉलेजची फी, लातूरला शिकवणी लावली असेल तर तिथलं खोलीभाडं, सगळं जूनमध्ये. होळीपासून पोळ्यापर्यंतचे हे महिने आमच्या घरांना कर्जात ढकलतात.

माझ्या शाखेत मी मार्चअखेर बघायची. पीककर्ज 7 टक्क्यांनी असतं. मुदतीत भरलं तर केंद्राची 3 टक्क्यांची सवलत, वर राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत, असं मिळून तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. कागदावर याहून स्वस्त पैसा नाही. पण मार्चमध्ये घरात पैसा असतो का? मग व्हायचं नवं-जुनं. शेतकरी दोन दिवसांसाठी बाहेरून पैसे आणायचा, जुनं खातं भरायचा, नवं कर्ज उचलायचा आणि त्यातूनच बाहेरच्याचे पैसे फेडायचा. त्या दोन दिवसांचे हजारावर किती घ्यायचे ते शाखेच्या बाहेरच, चहाच्या टपरीवर ठरायचं. बिनव्याजी कर्जावर असं व्याज जायचं. आम्ही आत बसून सह्या घ्यायचो. मी वरिष्ठांना दोनदा लिहून दिलं होतं, पण काही बदललं नाही, आणि ते मला अजून बोचतं.

टपरीवरच्या व्याजाची भाषाही नीट ऐका. "शेकडा तीन" म्हणतात. ऐकायला तीन वाटतं. महिन्याचे तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस. चाळीस हजार सहा महिन्यांसाठी घेतले तर व्याजच 7,200. पट्टीवरच्या भावानं ते जवळजवळ पावणेदोन क्विंटल सोयाबीन होतं. 2025 मध्ये काही शिवारांत अख्ख्या एकराला तेवढं निघालं नाही. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय हा धंदा करणं गुन्हा आहे, आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून किती व्याज घ्यायचं याची मर्यादा घातलेली आहे, आणि छत्तीस तिच्या कितीतरी वर आहे.

दुसरं कर्ज बायकांच्या नावावर येतं. गावात त्याला नुसतं "फायनान्स" म्हणतात. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता, एकीचा थकला की गटातल्या बाकीच्या तिच्या दारात. पीक सहा महिन्यांनी येणार आणि हप्ता मंगळवारी, हे जुळणार कसं? मग एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसरं फायनान्स. मायबहिणींनो, रिझर्व्ह बँकेचा 2022 चा एक नियम लक्षात ठेवा: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं विनातारण कर्ज देताना त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कर्ज द्यायला येणाऱ्याला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि त्यालाही तुमचं उत्पन्न खरं सांगा. कर्ज मिळावं म्हणून वाढवून सांगितलेला आकडा शेवटी आपल्याच गळ्याशी येतो, हे मी फार घरांत पाहिलं.

लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये जुलै 2024 पासून सुरू झाले. कितीतरी घरांत ठरलेला, महिन्याच्या महिन्याला येणारा तो पहिलाच पैसा होता. त्यावर लोक काहीही बोलोत. रकमेपेक्षा त्याचं महिन्याला येणं किती मोलाचं आहे, हे मला हप्त्याच्या वहीत दिसलं. हाच फरक भूम तालुक्यात दिसतो. तिकडे दुधाचा खवा होतो, भट्ट्या रोज पेटतात, दुधाचे पैसे आठवड्याला हातात येतात. पाऊस तिथंही दगा देतोच. पण किराण्याची बाकी तिथं दिवाळीपर्यंत तुंबत नाही. दोन शेळ्या, एक म्हैस, पंचवीस कोंबड्या यांच्याकडे मी याच नजरेनं बघते.

रेपो दराबद्दल, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याबद्दल, थोडंसंच बोलते. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो चार वेळा मिळून 6.50 वरून 5.25 वर आणला. याच सुनेचा दीर वाळूजला कंपनीत आहे, फ्लॅटचं कर्ज आहे. वीस लाख, वीस वर्षं, 9 टक्के असा हप्ता 17,995 येतो. पूर्ण सव्वा टक्का कमी झाला तर 16,419. महिन्याला दीड हजार वाचले. गावातल्या भावाचं पीककर्ज सातच्या सात टक्क्यांवर, आणि वहिनीच्या फायनान्सचा हप्ता जिथल्या तिथं. घर एकच, बातमी एकच. तरी दिरानं एक चांगलं केलं. वाचलेल्यातले हजार तो आता दर महिन्याला आईच्या खात्यावर टाकतो. जूनच्या बियाण्यासाठी, असं सांगून टाकतो.

आणि विकायची घाई टळावी म्हणून एक वाट आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. शेतमाल तारण योजना. पणन मंडळाची आहे, 1990 पासून चालते, बाजार समितीमार्फत मिळते. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, व्याज वर्षाला 6 टक्के, मुदत 180 दिवस. दहा क्विंटल सोयाबीन 4,300 नं धरलं तर सव्वाबत्तीस हजार हातात येतात आणि सहा महिन्यांचं व्याज हजाराच्या आत. टपरीवर याच रकमेला पाच हजार आठशे गेले असते. माल वाळवून, चाळून न्यावा लागतो. आणि आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, ते आधी जाऊन विचारा, सगळीकडे ती सारख्या उत्साहानं राबवत नाहीत.

पण ठेवला म्हणजे भाव वाढलाच असं समजू नका. 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं, तो आकडा आमच्या माणसांच्या डोक्यात असा बसला की 2023 चा माल काहींनी वर्षभर घरात ठेवला आणि 2024 मध्ये चार हजारांच्या आसपास विकला. उंदीर, ओल, घट हे वेगळंच. मी म्हणते, निम्मा विका, निम्मा ठेवा, आणि ठेवलेल्याला तारीख लावा. भावाला नको, तारखेला बांधा.

मध्यंतरी त्या सुनेच्या बचत गटात बसले होते. अकरा जणी. आम्ही ओसरीवर खडूनं बारा चौकोन काढले, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. घरात पैसा येतो त्या महिन्यात ज्वारीचे दाणे टाकायचे, जातो त्या महिन्यात तुरीचे. ज्येष्ठाचा चौकोन तुरीनं भरून ओसंडला. ज्वारीचा एक दाणाही तिथं नव्हता. सगळ्या गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "बाई, गटाचा पैसा आपण दिवाळीला वाटून घेतो. तवा तर समद्यांच्याच घरी असतो की." गटाला बावीस वर्षं झाली, पैसे कायम दिवाळीलाच वाटले जात होते. त्या दिवशी ठरलं की यंदा वाटप नाही. रक्कम बँकेत राहील आणि मृगाच्या आधी प्रत्येकीला बियाण्यापुरती मिळेल, शेकडा एक दरानं. ते व्याजही पुन्हा गटातच राहणार. दोघींना हे पटलेलं नाही, त्यांच्या मुलींची लग्नं माघात आहेत, आणि त्यांचंही खरं आहे.

त्यांचं काय करायचं, यावर पुढची बैठक येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, झाल्यावर आहे. मी जाणार आहे.

नमस्कार.