चार वाजताची दिवेलागण

(नोव्हेंबरातल्या एका शनिवारी इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या मराठी मंडळींसमोर बोलले, ते थोडं सारखं करून इथे लिहून काढलंय. बोलताना भरकटले होते तिथे लिहितानाही भरकटलेच आहे.)

सुरुवात करायच्या आधी सगळ्यांनी एकदा मागे वळून त्या मोठ्या खिडकीकडे बघा. आत्ता चार वाजून वीस मिनिटं झालीयेत आणि सूर्य गेला पण. दोन आठवड्यांपूर्वी याच वेळेला याच हॉलच्या बाहेर मुलं फुटबॉल खेळत होती, आज पार्किंगमधले दिवे लागलेत आणि तुमच्यातले निम्मे जण मनातल्या मनात घरी जाऊन रजई घेऊन बसलेत, मला दिसतंय इथून.

मी भूगोल शिकवते, शाळेत, अकरा ते सोळा वयाच्या मुलांना. त्यामुळे दर वर्षी ऑक्टोबर संपला की स्टाफरूममध्ये लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की जणू घड्याळ मीच मागे केलंय. आणि आपल्यातली नवीन आलेली मंडळी, म्हणजे मास्टर्स करायला आलेली पोरं, हॉस्पिटलात लागलेल्या मुली, आयटीवाले, सगळे साधारण एकच वाक्य बोलतात. "ताई, तसं काही झालं नाहीये, पण करमत नाहीये." हा शब्द बघा हं. करमत नाही म्हणजे दुःखी आहे असं नाही, आजारी तर नाहीच, कंटाळा म्हणावा तर हाताला काम भरपूर आहे, नुसता जीव कुठे टेकत नाही. इथल्या डॉक्टरला हे कसं सांगणार? मी एकदा प्रयत्न केला होता, त्यांनी मला झोप कशी लागते विचारलं, भूक कशी आहे विचारलं, आणि रक्त तपासायला पाठवलं. व्हिटॅमिन डी तळाला गेलं होतं, ते वेगळं. ते मात्र घ्या सगळ्यांनी, इथल्या एनएचएसचंच, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचंच, सांगणं आहे की आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी रोज दहा मायक्रोग्रॅम वर्षभर घ्यायचा विचार करावा, नुसता हिवाळ्यात नाही. पण गोळीने करमायला लागतं असं मी म्हणणार नाही.

आता मूळ मुद्दा. आपण सगळे शिव्या घालतो घड्याळाला. उन्हाळ्यासाठी मार्चमध्ये एक तास पुढे केलेलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतं, पहाटे दोनचा एक होतो, त्या दिवशी एक तास जास्त झोपायला मिळतं म्हणून आपण खूश, आणि सोमवारी ऑफिसातून बाहेर पडलो की एकदम डोक्यात जातं, अरे रात्र झाली! पण सूर्याने त्या रविवारी काही वेगळं केलेलं नसतं. ऑक्टोबरभर इथे सूर्यास्त रोज दोन-सव्वादोन मिनिटांनी अलीकडे येतच असतो, गपचूप, उधारीवर चहा पिणाऱ्या माणसासारखा, आणि आपल्याला कळत नाही. मग एका रविवारी पावणेसहाचं डायरेक्ट पावणेपाच. म्हणजे पंचवीस-तीस दिवसांचा हप्ता एका दिवसात वसूल. आपल्याला अंधारापेक्षा हा धक्का जास्त लागतो असं माझं मत आहे. सांगलीत सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात छोटा दिवस यात जेमतेम दोन तासांचा फरक, मी सत्तावीस वर्षं तिथे राहिले, दिवस लहान झाला हे मला स्वेटर बाहेर काढल्यावर कळायचं. इथे जूनमध्ये सतरा तासांचा दिवस आणि डिसेंबरात साडेसात तास पण नाही. आपलं शरीर, आपल्या सवयी, आपलं जेवण, सगळं त्या दोन तासवाल्या देशात घडलंय.

इथल्या लोकांचं गंमतशीर आहे. ऑगस्ट संपतो न संपतो तोच माझी एक सहकारी चहाचा मग हातात धरून खिडकीशी उभी राहते आणि म्हणते, "द नाइट्स आर ड्रॉइंग इन." म्हणजे रात्री आत ओढल्या जातायत, पडदे ओढावे तशा. पहिल्या वर्षी मला वाटलं काय ही बाई, बाहेर लख्ख ऊन आहे. आता मीच म्हणते. पण त्यांचा सूर तक्रारीचा असतो तसा थोडा मजेचाही असतो हं, चला आता शेगडीजवळ बसायचं, सूप, पडदे लावून टीव्ही, असं काहीतरी. त्यांच्याकडे अंधाराला एक सोय आहे, पडदा ओढला की संपला. माझ्या शेजारच्या आजी चार वाजता पडदे लावतात, म्हणतात रस्त्यावरून आतलं दिसतं.

आपल्याकडे उलटं. अंधार पडायला लागला की दार उघडायचं. आठवतंय ना? दिवेलागणीला दार लावायचं नाही, केर काढायचा नाही, झोपायचं तर नाहीच, आजारी माणसालासुद्धा तिन्हीसांजेला उठवून बसवायचे. हातपाय धुवायचे, देवाजवळ दिवा, शुभंकरोति, पाढे, तुळशीपाशी पणती. मी काही फार देवाधर्माची नाही, पण मला आत्ता वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी असं वाटतं की हे सगळं त्या अर्ध्या तासासाठी होतं, ज्याला आपण कातरवेळ म्हणतो. ती वेळ माणसाला एकट्याने सोसत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार, मग तेव्हा सगळ्यांना काहीतरी काम लावून दिलं. आणि तो अर्धा तास रोज साधारण एकाच वेळी, सहा-सात वाजता, सगळे घरात असताना यायचा. इथे काय होतं, की डिसेंबरात तो पावणेचारला येतो. तेव्हा तुम्ही कुठे असता? मीटिंगमध्ये. वॉर्डात. लायब्ररीच्या तळघरात. ट्यूबलाइटखाली. वर मान केली की काचेत बाहेरचं काही नाही, आपलाच चेहरा, मागे ऑफिसचा प्रिंटर. संध्याकाळ होऊन गेली आणि आपल्याला कुणी सांगितलं पण नाही.

माझी आई एकदाच आली होती इकडे, २००९ च्या नोव्हेंबरात. मी सांगत होते जूनमध्ये ये, पण तिकीट नोव्हेंबरात स्वस्त. पहिल्याच दिवशी चारला अंधारून आलं तशी तिने समई काढली, सोबत आणलेली, पेपरात गुंडाळून, वाती केल्या, दिवा लावला, शुभंकरोति म्हटलं, आणि मग विचारलं, "आता कुकर लावू का?" मी म्हटलं आई चार वाजलेत. ती म्हणाली, दिवा लागल्यावर जेवणाचंच बघतात ना. सहा वाजता आम्ही आमटी-भात जेवलो, साडेसातला ती झोपली, आणि पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात डबे पुसत बसली. सात वाजून गेले तरी उजाडेना तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. म्हणाली, "संध्याकाळचं एक वेळ समजू शकते गं, पण सकाळीच होत नाही म्हणजे काय!"

आणि बघा, बाईने एका वाक्यात ते सांगितलं ज्यावर इथली पार्लमेंट भांडलीये. १९६८ ला ब्रिटनने ठरवलं होतं की हे मागे-पुढे बंद, वर्षभर उन्हाळ्याचीच वेळ ठेवू, म्हणजे संध्याकाळी एक तास उजेड मिळेल. तीन हिवाळे चाललं ते. संध्याकाळी बरं वाटलं असेल, पण सकाळी नऊ-नऊ वाजेपर्यंत अंधार, स्कॉटलंडच्या वरच्या भागात तर दहा वाजायला यायचे, शाळेच्या पोरांच्या दंडाला चमकणारे पट्टे बांधून पाठवायचे. शेवटी १९७० च्या डिसेंबरात मतदान झालं, ३६६ विरुद्ध ८१, आणि १९७१ ला परत जैसे थे. आज कुणी म्हणालं की घड्याळ मागे करणं बंद करा, तर मी हिशोब सांगते, आपल्या लीड्समध्ये नाताळच्या सुमाराला सूर्य नऊ वीसला उगवेल. चालेल? युरोपियन पार्लमेंटने २०१९ मध्ये हे बंद करायचं म्हणून मत दिलं, अजून घोडं तिथेच आहे, कारण ठेवायची कुठली वेळ यावर कुणाचंच जमत नाही.

शिवाय शरीराला सकाळचा उजेड जास्त लागतो. नॉर्मन रोझेन्थल म्हणून एक डॉक्टर, मूळचे जोहान्सबर्गचे, उन्हातले, ते न्यूयॉर्कला आले आणि दर हिवाळ्यात आपण ढेपाळतोय हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. पुढे १९८४ ला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिवाळी डिप्रेशनचं रीतसर वर्णन केलं, नाव दिलं. उपचार काय तर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसायचं, लक्स म्हणजे उजेडाचं माप. आपल्या ऑफिसात असतात तीनशे-पाचशे लक्स, आणि बाहेर अगदी ढगाळ, रडक्या दुपारीसुद्धा हजाराच्या वर. म्हणून मी पोरांना सांगते लंच डेस्कवर खाऊ नका रे, बाहेर जा, भिजा. आणि ज्यांना खरंच अंथरुणातून उठवत नाहीये, रडू येतंय, त्यांनी ताई-माईचं ऐकत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. करमत नाही वेगळं आणि ते वेगळं.

हे घड्याळाचं खूळ कुणाच्या डोक्यातून आलं तेही सांगते, कारण मला तो माणूस आवडतो. विल्यम विलेट, लंडनजवळच्या चिझलहर्स्टचा, घरं बांधायचा धंदा. सकाळी घोड्यावरून रपेट मारायला निघायचा आणि बघायचा तर उन्हाळ्यात लख्ख उजाडलंय आणि लोक खिडक्या लावून झोपलेत. १९०७ ला त्याने स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढली, म्हणणं काय तर एप्रिलमध्ये चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढे करा, सप्टेंबरात तसंच मागे. लोक हसले. तो १९१५ ला गेला, आणि १९१६ ला युद्धात कोळसा वाचवायला आधी जर्मनीने आणि मग तीन आठवड्यांनी ब्रिटनने घड्याळं पुढे केली. त्याचं स्मारक म्हणून पेट्स वूडच्या रानात एक सूर्यघड्याळ आहे, मी मुद्दाम जाऊन बघितलंय, ते उन्हाळ्याची वेळ दाखवतं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की मी फक्त उन्हाळ्याचे तास मोजतो. म्हणजे आत्ता नोव्हेंबरात ते एक तास चुकीचं. कुणी दुरुस्त करत नाही, करणार कसं म्हणा, दगडात आहे.

आपणही काही कमी नाही हं या बाबतीत. १९०६ ला सरकारने सगळ्या देशाला एक वेळ लावली तर मुंबईकर पेटले, आमची घड्याळं एकोणचाळीस मिनिटं पुढे का करायची म्हणून. आणि महापालिकेने आपला मुंबई टाइम चालवला तो थेट १९५५ पर्यंत! रेल्वे एका टाइमवर, गाव दुसऱ्या. दुसऱ्या महायुद्धात तर १९४२ ते ४५ अख्ख्या हिंदुस्थानाचं घड्याळ एक तास पुढे होतं. माझी आजी सांगायची, नवा टाइम ऑफिसचा, जुना टाइम म्हशीचा.

तर करायचं काय. मी काय करते तेवढं सांगते. शाळा तीन दहाला सुटते, आवरून बसस्टॉपवर यायला पावणेचार होतात. आधी मी तिथे मोबाइलमध्ये डोकं घालून उभी असायचे. आता मान वर. समोर टायरचं दुकान आहे, त्याच्या पत्र्यामागे रोज काहीतरी होतं, कधी नुसता करडा ढग काळा होतो, कधी एकदम केशरी पट्टा, मग निळं, आणि इथलं ते निळं खूप वेळ टिकतं, सांगलीत सूर्य गेला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख, इथे सूर्य तिरका उतरतो म्हणून बरंच रेंगाळतं. कातरवेळ इथे जास्त मिळते, फक्त चुकीच्या वेळेला मिळते. दुसरं, तारीख पाठ केलीये. सगळ्यात छोटा दिवस २१-२२ डिसेंबर, पण सगळ्यात लवकरचा सूर्यास्त असतो १२-१३ डिसेंबरलाच. म्हणजे नाताळच्या आधीच संध्याकाळ वळलेली असते, सकाळ मात्र जानेवारीपर्यंत रडवते. संक्रांतीला इथला सूर्यास्त पावणेचारवरून चार दहाच्या आसपास आलेला असतो. तिळातिळाने दिवस वाढतो हे मी लहानपणापासून ऐकलं, पण तीळ मोजता येतात हे मला या बसस्टॉपवर कळलं.

आणि तिसरं, आईचा फोन. आईने मिरजेच्या घरात स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलंय, खाली चिकटपट्टीवर लिहिलंय "लीड्स". ते २०१० च्या उन्हाळ्यात लावलं तेव्हापासून साडेचार तासच मागे आहे. मी म्हटलं आई हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो, काटा मागे कर. ती म्हणते, "स्टुलावर कोण चढणार? मार्चमध्ये आपोआप बरोबर येतंय की." तिच्या त्या घड्याळात पाच वाजले, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ, की ती फोन करते, वर्षभर. उन्हाळ्यात मी तेव्हा घरी असते, चहा घेत. हिवाळ्यात ठोक चारला वाजतो, बसस्टॉपवर, पत्र्यामागचं केशरी जात असताना. पहिला प्रश्न ठरलेला. "पोचलीस का घरी?" नाही गं, चारच वाजलेत. "अगो बाई, परत चुकलं का. मग दिवे लागले का तुमच्याकडे?"

लागतायत, म्हणते मी.

चला, तिकडून चहा झाला म्हणून खुणावतायत, आणि चिवडा संपायच्या आत उठूया.