नव्या वसाहतीतले घर आणि मुलांची शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मुलगी आणि जावई यांच्याबरोबर मी बडोद्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या घरांच्या नव्या स्कीम पाहत हिंडले. भायली, सेवासी, बिल, वेमाली, वाघोडिया रस्ता असे करत आम्ही 11 ठिकाणी गेलो. दांडिया बाजारातले आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आता पुरत नाही, आणि नात येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. गुजरातमध्ये 2023-24 पासून पहिलीच्या प्रवेशासाठी 1 जूनला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, ती तिची मे महिन्यात होतात. त्यामुळे घर आणि शाळा हे दोन्ही निर्णय एकदमच दारात येऊन उभे राहिले. मी 29 वर्षे शाळेत शिकवले असल्यामुळे शाळेची बाजू पाहण्याचे काम घरच्यांनी माझ्याकडे सोपवले. त्या हिंडण्यातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवते आहे.

जवळजवळ प्रत्येक साइटवर एक वाक्य ठरलेले असे: "काकू, शाळा तर समोरच येणार आहे." सांगणारी मुले नम्र होती आणि त्यांच्या बोलण्यात खोटेपणा असेलच असे मी म्हणत नाही, पण माझे लक्ष त्या 'येणार' या शब्दावर अडकत असे. नकाशावर शाळेसाठी राखलेली जागा म्हणजे काय, हे घर घेणाऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यानुसार टी.पी. स्कीम, म्हणजे एखाद्या भागाची नगररचना योजना, आखताना एकूण जमिनीपैकी 15 टक्क्यांपर्यंत रस्त्यांसाठी, 5 टक्क्यांपर्यंत बागा, मैदाने आणि मोकळ्या जागांसाठी, आणि आणखी 5 टक्क्यांपर्यंत शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र यांसारख्या सोयींसाठी राखता येते. म्हणजे त्या पाच टक्क्यांवर शाळेचा एकटीचा हक्क नसतो, आणि जागा राखली म्हणून तिथे कोणत्या वर्षी कोण शाळा बांधणार हेही त्यातून ठरत नाही. भायली, सेवासी, बिल, वेमाली ही गावे 2020 मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आली. एखादे गाव हद्दीत आल्यावर पाणी, ड्रेनेज आणि रस्ते यांचीच ओढाताण आधी सुरू होते, आणि शाळेची पाळी त्यांच्यानंतर येते.

माझ्या धाकट्या दिरांनी 2018 साली असेच एक ड्युप्लेक्स घेतले. माहितीपत्रकात घरांच्या रांगेच्या टोकाला शाळेची इमारत, झेंडा आणि पिवळी बस काढलेली होती. आज त्या जागी वेडी बाभूळ माजली आहे. त्यांच्या दोन्ही मुलांनी शाळेची सगळी वर्षे व्हॅनमध्ये काढली. धाकटा सहावीत असताना सकाळी सहाला घर सोडी आणि दुपारी दोनला जेवायला बसे. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याचे बारावे कलम सांगते की, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास पैसे व्याजासह परत मागता येतात. दिरांना हे कळले तेव्हा ते माहितीपत्रक रद्दीत जाऊन चार वर्षे झाली होती. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, साइटवर मिळालेला प्रत्येक छापील कागद बानाखताच्या, म्हणजे घरखरेदीच्या कराराच्या, फाइलमध्येच ठेवावा, आणि त्यावर तारीखही घालावी.

यावरून माझे मत असे झाले आहे की आधी आज चालू असलेली शाळा निवडावी आणि मग तिच्याभोवती घर शोधावे. शाळा घडायला निदान दहा वर्षे लागतात. इमारत दोन वर्षांत उभी राहते. पण शिक्षक टिकणे, एकाने शिकवलेले पुढच्या इयत्तेतल्या शिक्षकाला ठाऊक असणे, कुठल्या घरचे मूल का मागे पडते हे शिक्षकांच्या खोलीत बोलले जाणे, या गोष्टी सावकाश जमत जातात.

मग शाळा पाहायची कशी? स्वागतकक्षातले चषक आणि निकालाचे फलक मी फार वेळ पाहत नाही. त्याऐवजी ज्या वसाहतीत घर पाहायला जातो, तिथल्याच एखाद्या तिसरी-चौथीतल्या मुलाची वही मी त्याच्या आईची परवानगी घेऊन मागते. फेब्रुवारीच्या सुमारास वही हाती आली तर उत्तमच, कारण तोवर वर्ष जवळजवळ पुरे झालेले असते. वाघोडिया रस्त्याकडच्या एका घरात मला अशी गणिताची वही मिळाली. जूनपासून ऑगस्टपर्यंत लाल शाईने प्रत्येक पान तपासलेले, चुकलेल्या भागाकाराशेजारी बाईंनी स्वतः एक उदाहरण सोडवून दाखवलेले, आणि खाली तारखेसह सही. सप्टेंबरात सहीचे अक्षर बदलले आणि नुसत्या बरोबरच्या खुणा उरल्या. नोव्हेंबरनंतर तिसरे अक्षर आले, आणि त्या अक्षराने चुकलेल्या उत्तरांवरही बरोबरची खूण केली होती. एका वर्षात तीन शिक्षक बदलले, ही गोष्ट त्या शाळेच्या देखण्या पुस्तिकेत कुठे असणार? मुलाच्या आईलाही ती वहीची पाने माझ्याबरोबर उलटताना पहिल्यांदा कळली. त्या माउलीचा चेहरा मला अजून आठवतो.

शाळेला विचारण्याचे प्रश्न म्हणून मी मोजकेच ठेवले आहेत. पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई या शाळेत किती वर्षे आहेत आणि त्यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण झाले आहे काय, हा पहिला. वर्गात मुले किती, हा दुसरा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे, आणि सीबीएसईने एका तुकडीला 40 ची मर्यादा घातलेली आहे. फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' असे लिहिले असेल तर थांबून चौकशी करावी, कारण मंडळाची मान्यता असणे आणि मंडळाच्या पुस्तकांनी शिकवणे यांत फार अंतर आहे. मान्यताप्राप्त शाळेला आपल्या संकेतस्थळावर शिक्षकांची संख्या, इमारतीचे आणि अग्निसुरक्षेचे दाखले आणि मागील तीन वर्षांचे निकाल मांडावे लागतात. ते घरबसल्या पाहता येतात. फीच्या बाबतीत 2017 च्या गुजरातच्या कायद्याने विनाअनुदानित शाळांसाठी प्राथमिकला वर्षाला 15,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांची पातळी ठरवली होती, आणि त्याहून जास्त घ्यायचे तर बडोदा विभागाच्या फी नियमन समितीकडून मंजुरी आणावी लागते. ती मंजुरीची प्रत पाहायला मागणे हा पालकाचा अधिकार आहे. त्यात संकोच कसला?

यानंतर रस्ता. आपले शहर विश्वामित्री नदीने आणि रेल्वेच्या रुळांनी चिरलेले आहे, आणि घर एका बाजूला व शाळा दुसऱ्या बाजूला असली तर मुलाला रोज पूल ओलांडावा लागतो. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीची पातळी 35 फुटांच्या वर गेली होती, आणि पाणी ओसरेपर्यंत एकाच शहरातली माणसे दोन गावांसारखी तुटून राहिली, हे आपण सर्वांनी भोगले आहे. म्हणून वसाहतीच्या वॉचमनला आणि नाक्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे की तेव्हा पाणी कुठवर आले होते. ते पायरी दाखवून सांगतात. शाळेचा रस्ताही पुस्तिकेतल्या अंतरावर सोडू नये. सकाळची पाळी सुरू होण्याआधी आणि सुटण्याच्या वेळी, कामाच्या दिवशी, त्या रस्त्याने स्वतः जावे. शाळा सुटताना फाटकाबाहेर पंधरा मिनिटे उभे राहिले की रिक्षात मुले किती कोंबली जातात, दप्तरे बाहेर लटकतात का, लहानग्यांना हात धरून कोणी सोडते का, हे सारे दिसते. 18 जानेवारी 2024 रोजी हरणी तलावात शाळेच्या सहलीतली 12 मुले आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. त्या दिवसानंतर या शहरातल्या कुठल्याही शाळेला तुम्ही मुलांना बाहेर नेताना काय खबरदारी घेता, असे विचारायला कोणत्याही आईबापांनी कचरू नये.

आपल्या मराठी घरांचा एक प्रश्न वेगळा आहे. वाडी, रावपुरा, दांडिया बाजार सोडून नव्या वसाहतीत गेले की बहुधा इंग्रजी माध्यमाचीच शाळा समोर येते. 2023 च्या कायद्यामुळे गुजरातमधल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सक्तीचे झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण मराठीची जबाबदारी मग पूर्णपणे घरावर येते. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1910 मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, तिथल्या मराठी मुलाला मोरोपंतांची एक ओळ वाचता येऊ नये याची मला मनापासून खंत वाटते. नव्या घरापासून मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयापर्यंत महिन्यातून दोनदा जाणे होईल की नाही, हेही मी म्हणूनच अंतरांच्या हिशेबात धरते.

ताब्याच्या तारखेविषयी एक सूचना राहिली. रेरा नोंदणीत दिलेली पूर्णतेची तारीख आणि शाळेचे प्रवेशाचे महिने शेजारी लिहून पाहावेत. ताबा दिवाळीनंतर सरकला तर मुलाला एक अख्खे वर्ष जुन्या घरातून नव्या शाळेत ये-जा करावी लागते, आणि बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, हाती येईपर्यंत ताब्याच्या तोंडी वचनावर शाळेची फी भरून बसू नये. नोंदणीकृत करार होण्याआधी घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास कायद्याची बंदी आहे, हे बुकिंगच्या टेबलावर बसण्याआधीच माहीत असलेले बरे.

आमच्या मुलीने शेवटी सर्वांत लहान घर पसंत केले आहे. त्यात क्लबहाउस नाही आणि स्वयंपाकघराला गॅलरीही नाही. तेथून पायी बारा मिनिटांवर 25 वर्षे जुनी, साधी, दुमजली शाळा आहे. तिथल्या पहिलीच्या बाई 14 वर्षे त्याच वर्गाला शिकवत आहेत, आणि मी पाहिलेल्या तीन वह्यांत जूनपासून फेब्रुवारीपर्यंत एकच अक्षर होते. बानाखत पुढच्या आठवड्यात नोंदवायचे आहे. त्याआधी शाळा सुटण्याच्या वेळी नातीचा हात धरून तो रस्ता एकदा चालून यावा असे आम्ही ठरवले आहे, कारण वाटेतला एक चौक अजून माझ्या मनाला पुरता पटलेला नाही.