मेस्त्रींची वाळू, पुतण्याचा रनर

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतणाऱ्या कारखान्यात, मेस्त्री वाळूची मूठ आवळतात आणि झालेला गोळा मधोमध मोडतात. कडा शाबूत राहिल्या तर ओल बरोबर. ढासळल्या तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त.

कालच्या कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल आलेत, आत पोकळ्या राहिल्यात. वाळूत ओल जास्त झाली की लोखंडाच्या रसानं तिची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही तर ती आतच अडकते आणि पोकळी राहते. मेस्त्री म्हणतात, "पाणी जरा कमी कर, वाफ जायला व्हेंटची भोकं चार जास्त मार, मग बघू."

डिप्लोमा करून आलेला पुतण्या म्हणतो, "काका, रस आत जातानाच उसळतोय, हवा घेऊन शिरतोय. रस आत नेणारी वाट, रनर, तिची जागाच बदलूया की."

काकांना वाटतं, पोरगं चालू काम मोडायला निघालंय. पोराला वाटतं, काका जुनं सोडत नाहीत. दोघंही एकमेकांवर अन्याय करतायत.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ साली याच फरकाची मांडणी केली. अडचण सोडवायची प्रत्येकाची एक धाटणी असते. एका टोकाला, आहे त्याच चौकटीत काम अधिक चोख करणारे. दुसऱ्या टोकाला, चौकटच हलवणारे. बहुतेक माणसं मधे कुठंतरी. त्यांच्या प्रश्नावलीत गुण ३२ ते १६० असतात, पण जास्त गुण म्हणजे जास्त हुशारी, असं अजिबात नाही. धाटणी वेगळी, कुवत वेगळी, यावर कर्टन यांचा सगळा भर आहे. आपण गल्लत करतो ती इथंच. नवं काढणारा तेवढा डोकेबाज आणि नीट निभावणारा सांगकाम्या, असं म्हणून मोकळे होतो. स्वभावाबाहेरच्या धाटणीनं काम करता येतं, पण त्यात माणूस दमतो, हेही कर्टन सांगतात.

उद्यमनगरात आधी मेस्त्रींचं ऐकलं. ब्लो होल कमी झाले, गेले नाहीत. आता वाळूत ज्याचा ठसा घेतात तो पॅटर्न दुरुस्तीला गेलाय, नवा रनर पुतण्याच्या मापानं होतोय.

या दोन्ही धाटण्या एकत्र दिसतात त्या पंचगंगेवरच्या बंधाऱ्यात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ही रचना महाराष्ट्रभर गेली. नदी अडवायची म्हणजे अखंड भिंत घालायची, हा नेहमीचा विचार इथं सोडला. खांब उभे केले आणि मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवले. पावसाळ्यात बरगे काढले की पूर आणि गाळ निघून जातो. पावसाळा सरला की तेच बरगे घालून पाणी अडवायचं. चौकट हलवणारं डोकं याला म्हणतात.

हे डोकं दरवर्षी कामी येतं ते मात्र वेगळ्या धाटणीच्या माणसांमुळं. बरगे मोजून ठेवणारी, कुजलेला बाजूला काढणारी, फटीत माती ठासून गळती थांबवणारी ही माणसं. बरगे वेळेत निघाले नाहीत तर पाणी तुंबून काठ कापतं, शेतात शिरतं. घालायला उशीर झाला तर नदीचं पाणी वाहून जातं आणि ऐन उन्हाळ्यात काठचा ऊस वाळतो.