हिरव्या खुणेवर किती विसंबायचं?

नमस्कार, श्रोतेहो.

इंटरनेटवर काही शोधलं, की अनेकांच्या स्क्रीनवर प्रत्येक लिंकशेजारी एक लहानसं वर्तुळ दिसतं. हिरवं, पिवळं, नाहीतर लाल. ते वर्तुळ सर्च इंजिन काढत नाही. ते काढतं ब्राउझरमध्ये आपणच कधीतरी बसवलेलं एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. वेब ऑफ ट्रस्ट, मॅकॅफीचं वेबअ‍ॅडव्हायजर, नॉर्टनचं सेफ वेब ही त्यातली ओळखीची नावं. याशिवाय ब्राउझरची स्वतःची पहारेकरी यंत्रणा असते, ती वेगळी. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी गुगलच्या सेफ ब्राउझिंगचा आधार घेतात, आणि एजमध्ये मायक्रोसॉफ्टचं स्मार्टस्क्रीन असतं. ही यंत्रणा एरवी गप्प असते आणि धोका दिसला की अख्खं पान लाल करून तुम्हाला अडवते.

या सगळ्यांवर भरवसा किती ठेवायचा, ते आज पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवायला हवी, आणि ती मी पुन्हा सांगणार आहे. लाल खूण दिसली, तर थांबा. हिरवी खूण दिसली, तर तिचा अर्थ एवढाच, की या वेबपत्त्याविरुद्ध अजून काही नोंदलेलं नाही.

आता हा शेरा येतो कुठून? तीन वाटांनी. पहिली वाट म्हणजे यंत्र स्वतः साइटवर जाऊन तपासतं. २००५ साली सुरू झालेलं साइटअ‍ॅडव्हायजर हे असंच होतं. पुढच्याच वर्षी ते मॅकॅफीनं विकत घेतलं. त्याची यंत्रं साइटवरच्या फाइल्स उतरवून बघायची, आणि प्रत्येक साइटवर नवा, वेगळा ईमेल पत्ता देऊन नोंदणी करायची. त्या पत्त्यावर नंतर किती कचरा मेल येतात, यावरून साइटचा स्वभाव कळायचा. कल्पना फार चांगली होती. दुसरी वाट म्हणजे काळ्या याद्या. आधीच पकडल्या गेलेल्या पत्त्यांशी ताडून बघायचं. तिसरी वाट म्हणजे वापरकर्त्यांची मतं. वेब ऑफ ट्रस्टची भिस्त मुख्यतः या मतांवर.

तिन्ही वाटांचा दोष एकच. आधी कुणीतरी फसावं लागतं किंवा यंत्र तिथे पोचावं लागतं, मगच शेरा बदलतो. आणि भामटे तेवढा वेळ देत नाहीत. मार्च २०२४ मध्ये गुगलनं स्वतः सांगितलं, की घातक साइट सरासरी दहा मिनिटांपेक्षाही कमी वेळ जिवंत असते. त्याआधी क्रोममधली यादी दर ३० ते ६० मिनिटांनी ताजी व्हायची. म्हणजे यादी येईपर्यंत दुकान बंद! म्हणून आता क्रोम त्या क्षणी विचारणा करतं. पत्त्याचा गणिती ठसा काढतं, त्याचा फक्त सुरुवातीचा तुकडा पाठवतं, आणि तोही मधल्या एका वेगळ्या सर्व्हरमार्फत. त्यामुळे पत्ता कुणी विचारला, ते गुगलला कळत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक डावपेच. तपासणारी यंत्रं कोणत्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या क्रमांकांवरून येतात, ते भामट्यांना माहीत असतं. यंत्र आलं की साधंसुधं पान दाखवायचं, आणि मोबाइलवरून माणूस आला की बनावट लॉगिनचं पान. काही तर पुढे कॅप्चा, म्हणजे 'तुम्ही माणूसच ना' हे तपासणारं कोडं ठेवतात. यंत्र तिथेच अडकतं आणि शेरा हिरवाच राहतो. जुन्या, चांगल्या नावाच्या साइटमध्ये घुसून तिच्या एका कोपऱ्यात बनावट पान ठेवलं, तरी नाव चांगलं म्हणून खूण हिरवीच. मोठ्या कंपन्यांच्या फुकट पानांच्या सेवांवर ठेवलं, तरी तेच. एक्स्टेन्शन बहुधा डोमेनला, म्हणजे साइटच्या मुख्य नावाला गुण देतं, पण फसवणूक असते एका पानावर.

जाता जाता पत्त्याच्या पट्टीतल्या कुलुपाच्या चिन्हाबद्दल. कुलूप म्हणजे मधल्या वाटेत तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही, एवढंच. समोरचा माणूस भला आहे, असं ते सांगत नाही. लोकांनी त्याचा चुकीचा अर्थ घेतला, आणि माझ्या मते त्यात दोष ब्राउझर बनवणाऱ्यांचा. वर्षानुवर्षं 'कुलूप बघा, कुलूप बघा' असं शिकवलं कुणी? शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या ११७ व्या आवृत्तीनं ते चिन्ह काढून तिथे सेटिंगचं चिन्ह ठेवलं. साइटच्या तळाशी लावलेल्या विश्वासाच्या मोहरांचीही तीच गत. बेन एडलमन या अभ्यासकानं २००६ मध्ये साइटअ‍ॅडव्हायजरच्या माहितीवरून ताडून पाहिलं, तेव्हा ट्रस्टई या संस्थेची मोहर लावलेल्या साइट मोहर नसलेल्या साइटपेक्षा अविश्वासू असण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक निघालं. ज्याला विश्वास विकत घ्यावा लागतो, तोच मोहरेसाठी धावतो. अशी मोहर दिसली की माझा विश्वास वाढत नाही, उलट कमी होतो.

आता आजच्या मुख्य हकीकतीकडे येऊ. इंटरनेट वापरणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी.

वेब ऑफ ट्रस्ट हे फिनलंडमध्ये सुरू झालेलं एक्स्टेन्शन. काम एकच, साइट विश्वासू आहे का ते सांगायचं. त्याचं नाव इतकं झालं, की २०११ मध्ये फेसबुकनं बाहेरच्या धोकादायक लिंक ओळखण्यासाठी त्याचे शेरे वापरायला घेतले. लोक स्वतः बसवायचे, घरच्यांच्या संगणकावर बसवून द्यायचे. 'हे टाकून ठेव, म्हणजे फसणार नाहीस.'

इकडे जर्मनीत, एनडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकार स्व्हेया एकर्ट आणि डेटा शास्त्रज्ञ आंद्रेआस डेव्हेस यांनी एक प्रयोग मांडला. लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात, याची माहिती बाजारात मिळते का? त्यांनी एक खोटी मार्केटिंग कंपनी उभी केली. तिची वेबसाइट केली, छान छान चित्रं आणि भारदस्त शब्द टाकले, प्रमुखाचं लिंक्डइनवर पान केलं, नोकऱ्यांचं पानसुद्धा केलं. त्या पानावर खरेखुरे अर्जही आले! मग शंभराच्या आसपास कंपन्यांना फोन केले, पत्रं लिहिली. 'आमचं नवं सॉफ्टवेअर आहे, त्याला शिकवायला लोकांच्या ब्राउझिंगची कच्ची माहिती हवी आहे.' शोधायला थोडा वेळ लागला, कारण त्यांना जर्मन लोकांचीच माहिती हवी होती. आणि शेवटी एका दलालानं नमुना म्हणून ती देऊन टाकली. फुकट.

तो नमुना होता तीस लाख जर्मन माणसांचा. त्यांनी उघडलेल्या पानांचे तीनशे कोटी पत्ते. पुन्हा सांगतो, तीस लाख माणसं, तीनशे कोटी पत्ते. विकणाऱ्याचं म्हणणं, यात कुणाचं नाव नाही, नुसते क्रमांक आहेत.

नाव नव्हतं हे खरं. पण पत्ते काय सांगतात, ते ऐका. ट्विटरवर स्वतःच्या खात्याची आकडेवारी बघायचं एक पान असायचं. ते फक्त खातेदारालाच दिसायचं, आणि त्या पानाच्या पत्त्यात खातेदाराचं नाव असायचं. म्हणजे एखाद्या क्रमांकाच्या यादीत तो पत्ता एकदा जरी आला, तरी तो क्रमांक म्हणजे कोण, हे उघड. ज्यांचं असं काही सापडत नव्हतं, त्यांच्यासाठी दुसरी युक्ती. माणूस आपण वाचलेले लेख, पाहिलेले व्हिडिओ जगजाहीर शेअर करत असतो. असे दहा पत्ते जुळले, की तीस लाखांतून नेमका एक माणूस हाती लागू शकतो.

आणि माणूस हाती लागला, की त्या क्रमांकाखालचं बाकीचं सगळं त्याचं. एका न्यायाधीशाचं खासगी आयुष्य त्यात सापडलं. एक खासदार कोणत्या औषधाची माहिती शोधत होती, ते सापडलं. आणि एक पोलीस अधिकारी सापडला. सायबर गुन्ह्याचा तपास करत होता. परदेशी पोलिसांना मदतीसाठी पत्र लिहायचं, म्हणून त्यानं मजकूर गुगल ट्रान्सलेटमध्ये टाकला. त्या वेळी ट्रान्सलेटमध्ये टाकलेला मजकूर पानाच्या पत्त्यातच उमटत असे. ब्राउझरमध्ये बसलेल्या एक्स्टेन्शननं पूर्ण पत्ता उचलला, आणि चालू तपासाचा तपशील दलालाच्या गठ्ठ्यात जाऊन पडला. त्या अधिकाऱ्यानं कोणतीही वाईट साइट उघडली नव्हती. त्याच्या प्रत्येक साइटला हिरवीच खूण मिळाली असती.

इथे वेबसाइट बनवणाऱ्यांनाही सांगणं आहे. माणसाचं नाव, मजकूर, पासवर्ड बदलायची किल्ली, असलं काही पानाच्या पत्त्यात घालू नका. पत्ता ही सगळ्यांना दिसणारी जागा आहे.

ही माहिती गोळा कुणी केली होती? तिच्यातली ९५ टक्के माहिती अवघ्या दहा लोकप्रिय एक्स्टेन्शन्सकडून आली होती. आणि त्यातलं एक नाव वेब ऑफ ट्रस्ट. नोव्हेंबर २०१६ मध्ये एनडीआरनं हे जाहीर केलं. मोझिलानं ते एक्स्टेन्शन आपल्या दालनातून काढलं, इतर ब्राउझरच्या दालनांतूनही ते मागे घेतलं गेलं. ओळख पुसायची व्यवस्था होती, पण काहींच्या बाबतीत ती अपुरी पडली असावी, असं कंपनीनं सांगितलं. पुढे गोपनीयतेचे नियम बदलून ते परत आलं.

ही एकट्या कंपनीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीचंही साइटला शेरा देणारं एक्स्टेन्शन होतं. तिनं लोकांची ब्राउझिंग माहिती जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

असं का होतं, त्याचं कारण यंत्रणेतच आहे. साइटला शेरा द्यायचा, तर तुम्ही कुठे निघालात हे एक्स्टेन्शनला कळावंच लागतं. वास्तविक त्याला नुसतं डोमेन पुरतं. पण परवानगी मिळते पूर्ण पत्ता आणि पूर्ण पान वाचायची. म्हणून मघाशी सांगितलं ते आठवा. क्रोमची अंगभूत यंत्रणा ठशाचा तुकडा पाठवते. एक्स्टेन्शन काय पाठवेल, ते त्याच्या मालकाच्या मनावर. आणि एक्स्टेन्शन विकलं जाऊ शकतं. मालक बदलतो, अपडेट आपोआप येतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा काय करायचं, तेही सांगतो.

आधी अंगभूत यंत्रणा चालू आहे का बघा. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी. तिथे स्टँडर्ड प्रोटेक्शन हवं. एनहान्स्ड निवडलं तर पकड वाढते, पण पत्ते गुगलकडे अधिक जातात. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या पानावर, धोकादायक आणि फसवा मजकूर अडवण्याच्या चौकोनात खूण हवी.

मग एक्स्टेन्शन्स. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. एकेकाच्या डीटेल्समध्ये जा आणि साइट अ‍ॅक्सेस बघा. 'ऑन ऑल साइट्स' असेल, तर 'ऑन क्लिक' करा. मग सर्चमधली रंगीत वर्तुळं दिसणार नाहीत, पण तुम्ही क्लिक कराल तेव्हाच ते एक्स्टेन्शन पान वाचेल. सहा महिन्यांत न वापरलेलं थेट काढून टाका. हवामान दाखवायला एक, कूपन शोधायला एक, अशी भर घालत बसण्यात काही शहाणपण नाही.

शंका आली तर लिंक व्हायरसटोटल या साइटवर टाकून बघा. तिथे सत्तरएक यंत्रणांचे शेरे एकत्र दिसतात. एकदोघांनीच लाल दाखवलं, तर चुकीचा इशाराही असू शकतो. पण सगळे शून्य आले म्हणून साइट चांगली, असं धरू नका, कारण नव्या साइटचं शून्यच येतं. आणि पासवर्ड बदलायची किंवा खासगी कागदपत्राची लिंक तिथे कधीही टाकू नका, टाकलेला पत्ता इतरांना दिसतो. त्यापेक्षा डोमेनची नोंदणी कधी झाली ते बघा. डोमेनच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर ते फुकट कळतं. जुनी संस्था म्हणवणाऱ्या साइटचं डोमेन गेल्या आठवड्यातलं असेल, तर तिथे काहीही भरू नका.

आणि सगळ्यात भरवशाचा तपासनीस म्हणजे पासवर्ड मॅनेजर. तो मतं मोजत नाही, याद्या बघत नाही. पासवर्ड ज्या डोमेनसाठी जपून ठेवला, तेच डोमेन अक्षर न अक्षर जुळलं, तरच तो आपणहून पासवर्ड पुढे करतो. नेहमीच्या साइटवर तो गप्प बसला, तर हातानं पासवर्ड टाकू नका. आधी पत्ता वाचा, उजवीकडून डावीकडे. सुरुवातीच्या https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे नाव असतं, तेच खरं डोमेन.

म्हणजे लाल दिसलं तर थांबायचं, आणि हिरवं दिसलं तरी पत्ता वाचायचा. बनावट पान सापडलं, तर फायरफॉक्सच्या हेल्प मेनूत फसवी साइट कळवण्याची सोय आहे, आणि गुगललाही सेफ ब्राउझिंगच्या फिशिंग तक्रारीच्या पानावरून कळवता येतं. पूर्ण पत्ता जसाच्या तसा चिकटवा. नुसतं डोमेन दिलं, तर तपासणाऱ्याला ते पान सापडत नाही.

नमस्कार.