लोट्याचं बूड

सकाळचा गोदाघाट. नारोशंकराच्या देवळाजवळच्या पायऱ्यांवर एटीडीचे, म्हणजे कलाशिक्षक पदविकेचे, विद्यार्थी मांडीवर बोर्ड घेऊन बसलेत. पुढे शाळांमध्ये हे चित्रकलेचे सर आणि मॅडम होतील. आज मात्र आकाशाचा वॉश, म्हणजे जलरंगाचा सलग पातळ थर, उतरवायचाय.

बोर्डाची वरची कड दोन बोटं उचललेली. ब्रश भरून रंग घ्यायचा, वरून आडवा फटकारा. त्याच्या खालच्या काठाला ओल साचते. ती वाळायच्या आत पुढचा फटकारा तिला भिडला नाही, तर पट्टे पडतात. थर अर्धवट वाळलेला असताना पाण्याचा ब्रश टेकवला, तर पाणी रंगाला ढकलत नेतं आणि झालरीसारखा डाग उठतो. हा बघा, उठलाच! गेला कागद. नाशिककरांनी हा घाट चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांत पाहिलाय, त्यामुळे इथे बसणाऱ्याची तुलना काही चुकत नाही.

आता वर्ग. याच विद्यार्थ्यांचा शिकवण्याचा सराव पाठ सुरू आहे, टेबलावर पितळी लोटा. सातवीच्या मुलांनी तोंड छान लंबगोल काढलंय, बूड मात्र पट्टीनं आखल्यासारखं सरळ. लोटा टेबलावर सपाट बसतो हे मुलांना ठाऊक असतं. हात तेच काढतो. प्रत्यक्षात नजरेच्या जितकं खाली जावं, तितका गोल उघडत जातो. म्हणून बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वळते.

‘चुकलं, खोड’ म्हणून हे कळत नाही. मॅडमनी लोटा उचलून डोळ्यांच्या रेषेत आणला. स्वतःच्या नव्हे, बाकावरच्या मुलांच्या. तोंड चपटं होत होत नुसती रेघ उरली. मग लोटा सावकाश खाली. मग फळ्यावर आधी उभा अक्ष, आणि बाजूला उभं राहून खांद्यातून फिरवलेला हात. मनगटातून काढलेला लंबगोल टोकांना लिंबासारखा होतो.

संकल्पचित्राला, म्हणजे डिझाइनला, पोस्टर कलर सायीइतका दाट. पातळ झाला तर ब्रशच्या रेघा दिसतात, थापला तर वाळल्यावर तडकतो.

आणि पुढची नोकरी? शिक्षण हक्क कायदा, २००९ : सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल, तर कलेसाठी निदेशक, म्हणजे शिकवणारा. अर्धवेळ.

संध्याकाळी स्टुडिओत उद्याचा कागद ताणला जातोय. दोन्ही बाजूंनी भिजवायचा, बोर्डावर पसरायचा, चारी कडांना गमटेप. भिजला की फुगतो, वाळताना आवळतो. एक कड सुटली तरी लाट राहते, आणि उद्याचा वॉश नेमका तिथेच साचतो.